माकडसरांचा तक्ता

तीस-एक वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलेल्या माणसाला सगळे 'सर' म्हणतात, तसं त्यांनाही म्हणत. पाठ वळली की 'माकडसर' म्हणत. आपल्याला हे नाव ठाऊकच नाही असा सरांचा आव होता, आणि तो इतका मुरलेला होता की बायकोही त्याला धक्का लावत नसे. खरं तर ते नाव त्यांना आतल्या आत आवडायचं. उत्क्रांतीचा धडा आला की ते हात गुडघ्यांपर्यंत लोंबकळत सोडून, पाठीला पोक काढून वर्गाच्या दारापासून निघत आणि फळ्यापाशी पोचेपर्यंत ताठ माणूस होत. मुलं टाळ्या वाजवत. माणूस काही आजच्या माकडापासून असा सरळ रांगेत चालत आलेला नाही, तेव्हा ती चाल शास्त्राला धरून नव्हती. पण टाळ्या मिळणारी गोष्ट तपासून कोण बघतो? सर तर नाहीतच.

निवृत्तीनंतर टाळ्या थांबल्या आणि त्याच सुमारास त्यांना व्याही मिळाले.

व्याही पुलांचे इंजिनिअर. उंच, सावकाश बोलणारे, तेही निवृत्त. सकाळी प्रार्थना केल्याशिवाय चहाला हात लावत नसत आणि आठवड्यातून एकदा प्रार्थनामंडळात जात. देवानं प्रत्येक जीव वेगळा, जसा आहे तसाच घडवला, असं त्यांचं मत. व्याही माणूस म्हणून सोन्यासारखा, फक्त वरचा मजला थोडा रिकामा, असं सरांचं मत. या दुसऱ्या मताला काहीही पुरावा नव्हता, तरी सर ते सिद्ध झालेल्या नियमासारखं मांडत. तेही व्याही घरी गेल्यावर, बायकोपुढे.

लेकीच्या लग्नानंतरची दोन वर्षं दोघांनी एकमेकांना चिमटे काढण्यावर भागवली. ठिणगी पडली ती लेक आणि जावई सोनोग्राफीचा फोटो घेऊन आले त्या दुपारी. व्याही-विहीणबाई सरांकडे जेवायला होते, पानं नुकतीच वाढली होती. तो करडा, पावसाळी ढगासारखा फोटो हातोहात फिरला. विहीणबाई म्हणाल्या, नाक आजोबांचं आहे. दोन्ही आजोबांनी आपापल्या नाकाला हात लावला. इथवर सगळं छान चाललं होतं.

मग फोटो सरांच्या हातात आला. त्यांनी चष्मा वर केला, घसा साफ केला. हा घसा साफ होण्याचा आवाज ऐकला की त्यांची बायको विषय बदलायच्या तयारीला लागे.

"आता दिसत नाही," सर म्हणाले, "पण काही आठवड्यांपूर्वी शेपूट असणार."

व्याह्यांनी हातातला घास खाली ठेवला.

"कुणाला?" व्याह्यांनी विचारलं.

"बाळाला."

"आमच्या घराण्यात आजवर कुणाला शेपूट नव्हतं."

"आमच्याही नव्हतं," सरांची बायको पटकन म्हणाली, "हे सोडून."

एवढ्यावर हसून विषय बदलता आला असता. जावयानं तसा प्रयत्नही केला, बिचारा. पण समोर श्रोते आहेत आणि पळून जाऊ शकत नाहीत, हे सरांच्या लक्षात आलं होतं. ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि भिंतीवरचा तक्ता काढून घेऊन आले.

हा तक्ता म्हणजे सरांचा जीव की प्राण. शाळेनं तो जुना झाला म्हणून टाकायला काढला, तेव्हा त्यांनी तो मागून घेतला होता. मासा, कासव, कोंबडी, डुक्कर, ससा आणि शेवटी माणूस, अशा गर्भांच्या चित्रांच्या रांगा. खालच्या रांगेत जो तो आपल्या वळणावर गेलेला. वरच्या रांगेत मात्र सगळे इतके सारखे, की माशाच्या जागी माणूस चिकटवला तरी कळू नये. सरांनी तक्ता सरळ ताटांवर अंथरला.

"बघा! आईच्या पोटात प्रत्येक जीव आपल्या पूर्वजांचा प्रवास पुन्हा करतो. आधी मासा, मग कासव..."

"माझं नातवंड कासव?" व्याह्यांचा आवाज नेहमीपेक्षा अर्ध्या सुरानं वर गेला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्यानं त्यांनी नाक जवळजवळ तक्त्याला टेकवलं, सावकाश रांगा पाहिल्या आणि ते सरळ झाले. "हे चित्र मला माहीत आहे. बनावट आहे."

पुढचं सांगण्यासारखं नाही. 'बनावट' शब्द ऐकून सर जे सुटले ते थेट व्याह्यांच्या प्रार्थनामंडळाच्या अकलेपर्यंत पोचले. व्याही म्हणाले की ज्यांना आपण माकड आहोत याचा अभिमान आहे, त्यांच्याशी माणसासारखं बोलायचं कसं. तक्त्याच्या कडेनं आमटी झिरपली. शेवटी लेक उठली.

"मला मळमळतंय," ती म्हणाली, "आणि ते पोटातल्यामुळे नाही. बाबा, तुम्ही आणि मामंजी, दोघं आता एका टेबलावर नकोत. बाळ येईपर्यंत तरी नकोत. आल्यावर काय ते बघू."

सर खरं तर तेव्हाच शरमले असते. पण शरम वाटायला माणूस थोडा मोकळा लागतो, आणि सर त्या वेळी पुढचा मुद्दा जुळवण्यात गुंतले होते.

*

घरात बंदी झाली म्हणून वाद थोडाच संपतो! सरांनी तो वाचनालयात न्यायचं ठरवलं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक सभागृह होतं आणि ग्रंथपाल बाई तिथे अधूनमधून चर्चा ठेवत. 'सृष्टी घडवली की घडत गेली?' असा विषय घेऊन सर त्यांच्याकडे गेले. व्याह्यांना कळवलं, तर तेही तयार. सरांना वाटलं, सावज आपल्या पायानं येतंय.

ग्रंथपाल बाई बुटक्या, कडक आणि अनुभवी होत्या. मागच्या चर्चेत बसथांबा कुठे असावा या विषयावर दोन खुर्च्या मोडल्या होत्या.

"माझी एक अट आहे," त्या म्हणाल्या. "आधी प्रत्येकानं समोरच्याची बाजू मांडायची. अशी, की समोरचा म्हणेल, हो, हेच माझं म्हणणं. कुठे चुकलं तर त्यानं तिथल्या तिथे दुरुस्त करायचं. मग आपापली बाजू. जमत नसेल तर सांगा, सभागृह भरतकामाच्या वर्गाला देते."

"अगदी सोपं आहे," सर म्हणाले. "त्यांची बाजू दोन वाक्यांत संपते."

"मग एकदा त्यांना म्हणून दाखवा," बाई म्हणाल्या आणि पुस्तकावर शिक्का मारायला लागल्या.

म्हणून सर व्याह्यांच्या घरी गेले. बंदी टेबलाची होती. खुर्च्या बाल्कनीत टाकल्या तर लेकीचा शब्द मोडत नव्हता. सरांनी आपली दोन वाक्यं म्हणून दाखवली. "तुमचं म्हणणं असं, की एका पवित्र पुस्तकात लिहिलंय म्हणून ते खरं. आणि जगातली गुंतागुंत समजत नाही म्हणून तुम्ही तिथे देव बसवता."

व्याह्यांनी शांतपणे ऐकलं. "हे माझं म्हणणं नाही," ते म्हणाले. "हे माझ्याबद्दलचं तुमचं म्हणणं आहे."

"मग तुमचं काय ते सांगा."

व्याही खालच्या रस्त्याकडे तोंड करून बसले. मग सावकाश सांगू लागले. आयुष्यभर पूल बांधले. उभी असलेली प्रत्येक गोष्ट कुणीतरी उभी ठेवलेली असते, हे हाडांत भिनलं. नुसतं एवढंच असतं तर ते म्हणाले असते, ठीक आहे, सवयीचा परिणाम. पण धाकटा भाऊ गेला, लहान वयात, आणि त्याच्या उशाशी बसून त्यांच्या मनात एकच विचार घोळत होता. हा आपोआप झाला आणि आपोआप गेला, एवढंच असेल का? की हा कुणालातरी हवा होता?

"माशाचा माणूस झाला की नाही, याचं मला तसं काही पडलेलं नाही, सर. माझं म्हणणं एवढंच आहे, की आपण कुणालातरी हवे होतो. कुणीतरी आपल्याला मुद्दाम केलं. तुम्ही शेपूट म्हणता तेव्हा मला ऐकू येतं, की आपण कुणालाच नको होतो, चुकून झालो."

सरांच्या खिशात या भेटीसाठी तयार केलेले सतरा खोडसाळ प्रश्न होते. जीवाश्मांवर होते, पृथ्वीच्या वयावर होते. यावर एकही नव्हता. त्यांनी उगाचच चष्मा पुसला. दोन वर्षं आपण ज्या दारावर धडका देत होतो त्या घरात हा माणूस राहतच नव्हता, हे त्यांना तिथे, बाल्कनीत, पहिल्यांदा जाणवलं. जाणवलं आणि रागही आला. कारण तयारी वाया गेली.

"पण तरी, साहेब," त्यांनी नेट धरला, "डोळ्याचं काय? तुम्हीच नेहमी म्हणता ना, अर्ध्या डोळ्याचा काय उपयोग, तो हळूहळू होईलच कसा?"

"म्हणतो. डोळा पूर्ण तरी हवा, नाहीतर नसलेला बरा."

विहीणबाई चहा घेऊन आल्या होत्या. "अहो, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन तुम्ही वर्षभर हिंडताय," त्या म्हणाल्या. "ऑपरेशनची तारीख पुढे ढकलायची म्हटलं की, दिसतंय तेवढं पुरे, असं डॉक्टरला सांगता. आणि काल माझ्या भाजीत केस बरोबर सापडला!"

हा मुद्दा सरांना तीस वर्षांत सुचला नव्हता. सुचला असता तर त्यांनी तो असा चहाच्या कपासारखा अलगद ठेवला नसता, डोक्यात घातला असता, आणि मग तो पटलाही नसता.

*

चार-सहा दिवसांनी व्याही सरांकडे आले. सरांची बाजू समजून घ्यायला. सरांनी फळा पुसून ठेवला होता. घरात फळा ठेवणारा तो त्या इमारतीतला एकटाच माणूस.

"अर्ध्या डोळ्याचा मुद्दा मी सोडला," व्याही बसता बसता म्हणाले. "घरात टिकला नाही. आता तुमचं सांगा. मला नीट मांडायचंय."

"नैसर्गिक निवड," सरांनी फळ्यावर लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. "म्हणजे निसर्ग निवड करतो."

"कशी?"

"म्हणजे, निवड करतो असं नाही. निवड होते."

"कोण करतं?"

"कोणी नाही."

"मग होते कशी?"

"आपोआप. हळूहळू."

"किती हळू?"

"फारच हळू," सर म्हणाले आणि त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. शाळेतल्या मुलांनी 'कशी' असं सलग तीनदा कधी विचारलं नव्हतं. त्यांना घंटा होण्याची घाई असायची. व्याह्यांना कसलीच घाई नव्हती. बदल येतो कुठून, पुढच्या पिढीत जातो कसा, आणि तो विरून का जात नाही? पहिल्या दोन प्रश्नांना सर कसेबसे पुरले. तिसऱ्याला त्यांनी जे उत्तर दिलं त्यात 'वगैरे' हा शब्द चार वेळा आला. ज्या गोष्टीवर आपण लोकांची अक्कल काढत आलो, ती आपल्याला वर्गाच्या तासाएवढीच येते. त्यातली दहा मिनिटं हजेरीची. बाकी सगळं आपण विश्वासावर घेतलं होतं, व्याह्यांसारखंच. ज्यांनी तपासलं त्यांच्यावर विश्वास ठेवणं यात वावगं काहीच नाही. पण आपण तपासल्याचा रुबाब मारणं, हे जरा जास्त झालं.

जाता जाता व्याही त्या तक्त्यापुढे थांबले. आमटीचा डाग अजून होता.

"मी परवा बनावट म्हणालो. एका पुस्तिकेत वाचलंय, स्वतः काही तपासलेलं नाही. उगाच बोललो असेन. तुम्ही तपासलंय ना?"

"अर्थात!" सर म्हणाले.

हे धादांत खोटं होतं. दार लागल्यावर बायकोनं नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

सरांची एक जुनी विद्यार्थिनी गर्भांच्याच वाढीवर संशोधन करत होती. दूरच्या प्रयोगशाळेत, मोठ्या हुद्द्यावर. सरांनी तिला फोन लावला. लावताना त्यांच्या मनात उत्तर तयार होतं. ती म्हणणार, सर, ते लोक काहीही पसरवतात.

"सर!" तिचा आवाज आनंदानं फुलला. मग प्रश्न ऐकून थोडा बारीक झाला. "हो, ते खरंय, सर."

"काय खरंय?"

"ती जुनी चित्रं सजवलेली आहेत. वरच्या रांगेत फरक बुजवले, आकार सारखे केले. ती काढली गेली त्याच काळात त्यांवर ओरड झाली होती. आणि गर्भ पूर्वजांचा प्रवास पुन्हा करतो, हे वाक्य तर कधीच मागे पडलंय. आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगतो, जुन्या पुस्तकांत हे दिसलं तर खोडा."

सर खुर्चीवर बसले. "म्हणजे सगळंच..."

"छे, छे! सगळं कसं? खरे फोटो बघा ना. माणसाच्या गर्भाला शेपूट असतंच, पुढे जिरतं. गळ्यापाशी घड्याही असतात. माशात तिथे कल्ले होतात, आपल्यात त्याच भागातून जबडा आणि कानातली इवली हाडं होतात. साम्य खरंच आहे, आणि ते सजवलेल्या चित्रापेक्षा जास्त गमतीचं आहे. शिवाय जीवाश्म आहेत, जनुकं आहेत. उत्क्रांती काही त्या तक्त्याच्या खिळ्यावर लटकलेली नाही, सर." ती हसली. "तुम्ही ती माकडाची चाल करायचात ना, त्यामुळे मी या विषयात आले. पहिलंच वर्ष ती चाल डोक्यातून काढण्यात गेलं."

फोन ठेवल्यावर सरांनी तक्ता काढून कपाटामागे सरकवला. व्याह्यांना मात्र कळवलं नाही. कळवायचं होतंच, फक्त चर्चा झाल्यावर. चर्चेआधी सांगितलं तर ते वैज्ञानिक दृष्टीला मारक ठरेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. सरांची स्वतःच्या समजुतीवर फार लवकर श्रद्धा बसायची.

*

सभागृह भरलं. एका बाजूला प्रार्थनामंडळ, दुसऱ्या बाजूला सरांचे निवृत्त सहकारी, मधे भरतकामाच्या वर्गातल्या दोघी-तिघी. त्यांना कार्यक्रम बदलल्याचं कुणी सांगितलं नव्हतं, पण त्या बसून राहिल्या. लेक पोट सांभाळत शेवटच्या रांगेत दाराजवळ बसली, जावई शेजारी. गरज पडली तर पटकन निघता यावं म्हणून.

आधी सरांनी व्याह्यांची बाजू मांडायची होती. ते उभे राहिले. नेहमीसारखी चेष्टेची दोन वाक्यं ओठांवर आली आणि तिथेच थांबली, कारण पहिल्या रांगेत व्याही अधू डोळ्यांनी त्यांच्याकडे टक लावून बघत होते. सर पुलांबद्दल बोलले. भावाचं नाव न घेता एका माणसाच्या उशाशी बसलेल्या दुसऱ्या माणसाबद्दल बोलले. "त्यांचं म्हणणं एवढंच आहे," सर म्हणाले, "की आपण कुणालातरी हवे होतो."

व्याह्यांनी रुमाल काढला. "हो," ते म्हणाले. "हेच माझं म्हणणं. मला स्वतःला इतकं नीट सांगता आलं नसतं."

प्रार्थनामंडळानं टाळ्यांचा कडकडाट केला. सरांना निवृत्तीनंतर मिळालेल्या या पहिल्या टाळ्या, आणि त्या विरुद्ध बाजूच्या! सहकाऱ्यांच्या रांगेत रसायनशास्त्राचे सर शेजाऱ्याच्या कानात काहीतरी म्हणाले आणि दोघांनी माना हलवल्या.

मग व्याही उठले. कागद जवळ धरून, दिसेना तेव्हा खाली ठेवून, बोलू लागले. "जुन्या काळी पूल बांधणारे गणित शिकलेले नव्हते. कुणी असा बांधला, कुणी तसा. पूर आला की काही पडले, काही टिकले. जे पडले त्यांची नक्कल कुणी केली नाही, जे टिकले त्यांची झाली. नक्कल करताना कुठेतरी थोडा फरक पडायचा. पुन्हा पूर. असं शेकडो वर्षं. शेवटी इतका सुबक पूल उभा राहिला, की बघणाऱ्याला वाटावं, कुणा एका महान डोक्यातून तो निघाला. पण तसं डोकं कुठेच नव्हतं. होता तो फक्त पूर, आणि नक्कल, आणि भरपूर वेळ. सजीव स्वतःची नक्कल स्वतःच करतात, तेव्हा तिथे बांधणाराही लागत नाही. सरांचं म्हणणं असं आहे."

सर तोंड उघडं ठेवून ऐकत होते. तीस वर्षं! तीस वर्षं ते हात लोंबकळत सोडून वर्गातून चालत होते, आणि ज्याला हे पटतच नाही त्या माणसानं ते दोन मिनिटांत पुरासकट समजावलं. त्यांना हेवा वाटला, अगदी पोटातून.

"आणि सरांचा एक मोठा पुरावा आहे," व्याही पुढे म्हणाले. "गर्भांचा. सगळ्या प्राण्यांचे गर्भ सुरुवातीला हुबेहूब सारखे असतात. मी त्यांच्याकडचा तक्ता बनावट म्हणालो होतो, पण सरांनी स्वतः तपासलंय. म्हणून मी माझा शब्द मागे घेतो." ते वळले. "सर, हेच ना तुमचं म्हणणं?"

नुसती होकाराची मान हलवायची होती. मान हलवली असती तर कुणाला काही कळलं नसतं. ती विद्यार्थिनी दूर होती, तक्ता कपाटामागे होता आणि सहकारी टाळ्या वाजवायला हात वर करून बसले होते. सरांनी मान हलवायला घेतलीही. पण व्याह्यांनी डोळे बारीक केले होते. खोटं पकडायला नव्हे. समोरचं धड दिसत नव्हतं म्हणून. मान हलली तरी या माणसाला ती दिसणार नव्हती. तोंडानंच बोलावं लागणार होतं.

"नाही," सर म्हणाले.

ग्रंथपाल बाईंनी मान वर केली.

"म्हणजे बाकी सगळं हो. पुलाचं तर माझ्यापेक्षा छान सांगितलंत. पण तो तक्ता... तो खोडा. तुम्ही म्हणालात तेच बरोबर. चित्रं सजवलेली आहेत. हुबेहूब सारखे नसतात गर्भ. मी तपासलंय म्हणालो तेव्हा तपासलेलं नव्हतं. नंतर विचारलं, तेव्हा कळलं, आणि कळल्यावर मी गप्प बसलो." आज घसा साफ करायचं सरांच्या लक्षातही आलं नाही. "मी तीस वर्षं तेच शिकवलं. या सभागृहात माझे विद्यार्थी असतील, त्यांनीही खोडावं. साम्य आहे, ते खरं आहे, त्याचे खरे फोटो आहेत, उत्क्रांतीवर माझा तसूभरही संशय नाही. पण मी तुमच्यासमोर तो तक्ता ज्या तोऱ्यात अंथरला, त्या तोऱ्याला काहीही आधार नव्हता."

प्रार्थनामंडळातून कुणीतरी जोरात 'वा!' म्हणालं आणि एकानं टाळी वाजवली. व्याही गर्रकन वळले. इतक्या वर्षांत त्यांना असं वळताना कुणी पाहिलं नव्हतं.

"टाळी नको! मी एका पुस्तिकेत वाचून बोललो होतो. माझं बरोबर निघालं ते नशिबानं. त्याच पुस्तिकेत आणखी पुष्कळ लिहिलंय, ते मी आजवर छातीठोकपणे सांगत आलोय. मधला दुवा एकही सापडलेला नाही, असं मी किमान शंभर लोकांना सांगितलं असेल. मी बघायला गेलो होतो का? नाही. देवावर माझा विश्वास आहे. त्या पुस्तिकेवर का होता, ते आता मला सांगता येत नाही."

यानंतर आपापली बाजू मांडायची होती. दोघांकडेही फारसं काही उरलं नव्हतं. ग्रंथपाल बाईंनी वेळेआधी आभार मानले. एकही खुर्ची मोडली नाही.

*

घरी चालत जाताना सरांना हलकं हलकं वाटत होतं. आपण केवढी मोठी गोष्ट केली! भर सभेत चूक कबूल करायला छाती लागते. रसायनशास्त्रवाल्याला जमलं असतं? नाव नको. हळूहळू त्या प्रसंगाला त्यांच्या मनात आकार यायला लागला. 'नाही' म्हणण्याआधीची शांतता जरा लांबली, आवाज जरा खोल झाला, प्रेक्षकांत कुणाचे तरी डोळे पाणावले.

"कसला विचार करताय?" बायकोनं विचारलं.

"काही नाही. माणसानं नम्र असावं."

"बरं. मग आता ही नम्रता मी किती दिवस ऐकायची, ते सांगा. त्या बेतानं बहिणीकडे जाऊन येते."

सरांना हसू आलं, आणि पुढचा सगळा रस्ता ते गप्प चालले. त्यांच्या मानानं हा विक्रमच.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला गेल्यावर सहकाऱ्यांनी गराडा घातला. तुम्ही त्यांच्या हातात कोलीत दिलंत, रसायनशास्त्राचे सर म्हणाले; आता ते सगळीकडे नाचवतील. झालंही तसंच. 'विज्ञानाच्या शिक्षकाची कबुली' अशी बातमी प्रार्थनामंडळातल्या एकानं फोनवरून फिरवली, आणि त्यात साम्याचं, खऱ्या फोटोंचं एक अक्षरही नव्हतं. सर दोन दिवस तळमळले. तिसऱ्या दिवशी व्याह्यांनी मंडळात उभं राहून सरांचं संपूर्ण भाषण, फोटोंच्या वाक्यासकट, जसंच्या तसं सांगितलं. दोघं-तिघं उठून गेले. व्याह्यांनी ते सरांना सांगितलं नाही, विहीणबाईंनी सांगितलं.

लेकीनं बंदी उठवली नाही, पण सैल केली. जेवणानंतर, चहाला, दोघांनी एकत्र यायला हरकत नाही.

आणि एका दुपारी व्याही सरांकडे आले. विद्यार्थिनीनं खऱ्या गर्भांचे फोटो पाठवले होते, सरांनी ते मोठे करून छापून आणले होते. व्याह्यांनी खिशातून भिंग काढलं आणि एकेक फोटो मन लावून पाहिला. मासा. कोंबडी. माणूस. पुन्हा मासा. सर शेजारी बसून होते. जिभेवर नुसती वाक्यांची दाटी झाली होती. त्यांनी एक बिस्कीट तोंडात घातलं, मग दुसरं.

"वेगळे आहेत," व्याही शेवटी म्हणाले.

"आहेत."

"पण सारखेही आहेत." ते पुन्हा वाकले. "मला वाटलं होतं, चित्रं खोटी निघाली म्हणजे सुटलो. हे बघून सुटल्यासारखं वाटत नाही. विचार करावा लागेल."

तिसरं बिस्कीट.

"एक सांगा," व्याह्यांनी एका फोटोवर बोट ठेवलं, "माशाचा कल्ला ज्या भागातून होतो त्यातूनच आपल्या कानातलं हाड होतं म्हणता. मग त्या भागाला कळतं कसं, की आता आपल्याला काय व्हायचंय?"

सरांनी तोंड उघडलं. उत्तरासारखं काहीतरी आलंही होतं, त्यात एक 'वगैरे' होता. त्यांनी तोंड मिटलं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "फोन करू या?"

त्यांनी फोन मधे ठेवून स्पीकर लावला. विद्यार्थिनीला प्रश्न फार आवडला. ती जी बोलत सुटली ती थांबेचना. कुठली पेशी कुठल्या पेशीला काय निरोप देते, निरोप कुठे उशिरा पोचतो, काय अजून कुणालाच कळलेलं नाही. दोघं म्हातारे फोनवर वाकून, गंभीर चेहऱ्यांनी, अगदी बरोबर जागी 'हं' म्हणत राहिले.

फोन बंद झाला.

"तुम्हाला कळलं?" व्याह्यांनी विचारलं.

"अर्धंमुर्धं. तुम्हाला?"

"पाव."

सर उठले, फळा पुसला आणि खडू व्याह्यांच्या हातात दिला. "तुम्हाला जेवढं कळलंय तेवढं तुम्ही लिहा," ते म्हणाले. "उरलेलं मी बघतो."